चिंच तांब्याला नेमकं काय करते?

नवरात्राच्या आधी आमच्याकडे माळ्यावरून तांब्याची घागर खाली उतरते. वर्षभर पडून ती इतकी काळवंडलेली असते की नवख्या माणसाला लोखंडाची वाटावी. आई एका वाटीत लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजत घालते, कोळ काढते, त्यात चमचाभर जाडं मीठ टाकते आणि तो कोळ नुसत्या बोटांनी घागरीच्या गळ्याला फासते. घासत नाही, फासते. मग जरा थांबते. बोटं जिथून फिरली तिथे काळ्यातून गुलाबी पट्टे वर येऊ लागतात आणि वाटीतला कोळ गढूळ, हिरवट होत जातो.

हे दृश्य बघणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी की चिंचेने मळ निघाला. मळ निघतो तो साबणाने. चिंचेने निघालं ते तांबंच होतं, फक्त हवा लागून रूप पालटलेलं. एवढं लक्षात आलं की भांडी उजळण्याचे निम्मे नुस्खे का चालतात आणि उरलेले का फसतात, ते आपोआप कळतं.

नवं तांबं गुलाबीसर असतं. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटला की आधी लालसर तपकिरी ऑक्साइड होतं, आणि वेळ गेला किंवा आच लागली की काळं. म्हणून बंबाची टाकी किंवा चुलीवरचं पातेलं कपाटातल्या तांब्या-भांड्यापेक्षा लवकर काळवंडतं. हवेत गंधकाची संयुगं असतील तर काळं सल्फाइडही जमतं. दमट हवेत, ओल राहिलेल्या खोबणीत, कडीच्या बुडाशी जो हिरवा थर दिसतो तो वेगळा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संगतीत तांब्याचं कार्बोनेट तयार होतं, समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्यामुळे क्लोराइडही. कोकणातल्या घरात तांब्याची भांडी लवकर हिरवी पडतात त्यामागे हाच वारा आहे.

या हिरव्या थराला आपल्याकडे जुना शब्द आहे, कळंक. त्यावरून क्रियापद कळकणे. ताक किंवा आमटी तांब्या-पितळेच्या भांड्यात राहून तिला कसकशी, किळसवाणी चव आली की ती ‘कळकली’. कळकट हा शब्दही मला याच घरातला वाटतो. प्रयोगशाळा नसताना आपल्या आज्यांनी जिभेवर केलेलं हे निदान आहे. चुकून कळकलेलं ताक प्यायलेला माणूस ती चव सहसा विसरत नाही.

आता चिंच. चिंचेत मुख्यतः टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक, दह्या-ताकात लॅक्टिक, व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक. शाळेतलं एक वाक्य आठवा: धातूंची ऑक्साइडं आम्लारिधर्मी असतात, आणि आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार अधिक पाणी. काळं ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, पण आम्लाशी गाठ पडली की त्याचा विरघळणारा क्षार होतो आणि तो कोळाबरोबर वाहून जातो. खालचं शुद्ध तांबं मात्र या घरगुती आम्लांना सहजी बधत नाही. क्रियाशीलता श्रेणीत तांबं हायड्रोजनच्या खाली बसतं. जस्ताचा तुकडा आम्लात टाकला तर बुडबुडे येतात, तांब्याचा टाकला तर काही होत नाही, हा प्रयोग बहुतेकांनी शाळेत पाहिला असेल. थोडक्यात चिंच निवड करते. ऑक्साइड खाते, धातू सोडते. लोखंडी काथ्याला अशी निवड जमत नाही, तो दोन्ही खरवडतो.

मग मीठ कशाला? सर्रास उत्तर मिळतं की मिठाचे खडे घासायला. अगदीच खोटं नाही, पण मिठाचं खरं काम वेगळं आहे. खात्री करायची असेल तर काळ्या पडलेल्या तांब्याच्या बुडावर एका जागी नुसत्या लिंबाचे दोन थेंब टाका, आणि शेजारी ज्यात मीठ पूर्ण विरघळलंय अशा लिंबाचे दोन. दोन्हीकडे हात लावू नका. थोड्या वेळात मिठाचा ठिपका दुसऱ्यापेक्षा स्वच्छ दिसू लागतो, आणि त्यात खडा एकही नसतो. मिठातला क्लोराइड आयन सुटलेल्या तांब्याला धरून द्रावणात ठेवतो. विशेषतः लालसर ऑक्साइडमधलं तांबं एरवी हट्टी असतं, ते क्लोराइडच्या मदतीने सुटतं. (हा प्रयोग आजोबांच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांवर करू नका. नाणी जमवणारे लोक घासून चकचकीत केलेल्या नाण्याला निम्मी किंमतही देत नाहीत.)

चिंचेचं लिंबापेक्षा चांगलं जमतं असं आई म्हणते, आणि मला ते पटतं. एक तर टार्टारिक आम्लाचे रेणू तांब्याच्या आयनाला कवेत घेतात. बारावीच्या प्रयोगशाळेत फेलिंगचं निळंशार द्रावण पाहिलं असेल. त्यात तांब्याला तळाशी न बसू देता द्रावणात राखण्याचं काम टार्टारिक आम्लाचाच क्षार करतो. दुसरं कारण साधं आहे: कोळ दाट असतो. लिंबाचा रस घागरीच्या फुगीर अंगावरून ओघळून मोरीत जातो, कोळ चिकटून बसतो. परदेशात लोक याच कामाला टोमॅटो केचप वापरतात. त्यात आम्ल आहे, मीठ आहे आणि दाटपणा आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना चिंच मिळाली नाही तर केचपची बाटली खुशाल उपडी करावी. ताक सगळ्यांत सौम्य आणि म्हणून मंद. आंबट झालेलं ताक फेकण्याआधी ताम्हणात ओतून ठेवायची पद्धत होती ती अशीच. कोकमं काढून उरलेलं आगळही चालतं, चालतं म्हणजे फारच चालतं, पण आगळाचे भाव बघता मी ते सोलकढीसाठीच ठेवीन.

या सगळ्याआधी एक पायरी आहे आणि तीच बहुतेक जण गाळतात. काजळी म्हणजे कार्बन. जळलेलं तेल म्हणजे कडक झालेला चिकट थर. या दोघांवर चिंचेचा काडीइतकाही परिणाम होत नाही. पातेल्याचं बूड काळं आहे म्हणून अर्धा किलो चिंच खर्ची घालणारे मी पाहिलेत. आधी भांडं साबणाने किंवा गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून धुवा, बोट फिरवल्यावर तेलकटपणा लागत नाही इथपर्यंत. आम्ल पाण्यातून काम करतं, वर तेलाचा पापुद्रा असला तर ते खाली पोचतच नाही. तांब्याच्या हंड्याच्या किंवा बंबाच्या आत जो पांढरा, खरखरीत थर असतो तो आणखी तिसराच. बोअरच्या जड पाण्यातले ते कॅल्शियमचे क्षार. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात. ते दिसले की समजायचं, आम्ल बरोबर जागी पोचलंय.

बुडबुड्यांवरून आठवलं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेसाळत ओतण्याचे व्हिडिओ फोनवर फिरत असतात. दिसायला फारच झकास. पण सोडा आम्लाला मारतो आणि आम्ल सोड्याला. फेस बसला की वाटीत उरतं ते बहुतांशी खारट पाणी. दोन्ही वापरायचे असतील तर एकामागून एक वापरा. आधी आंबट, मग धुणं, मग सोडा.

हा क्रम नवा नाही. पूर्वी चिंच झाली की भांडं राखेने घासून विसळायचे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे राख आम्लारी. खोबणीत, कडीखाली, मठाराच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या, खळग्यांत अडकून राहिलेलं आम्ल ती मारून टाकते. आता राख कोणाकडे नाही, तर चमचाभर खायचा सोडा हातावर घेऊन ओल्या भांड्यावर फिरवला तरी तेच काम होतं. हे केलं नाही आणि मीठ-चिंच नीट धुतली गेली नाही तर काय होतं? सकाळी उजळलेलं भांडं संध्याकाळपर्यंत डागाळतं, कोपऱ्यांत हिरवं धरतं. मग लोक म्हणतात, हल्लीचं तांबंच भेसळीचं. भेसळ नसते. मीठ राहिलेलं असतं.

मठाराचा उल्लेख आला म्हणून. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलात तर दुकान दिसायच्या आधी ठोक्यांचा आवाज ऐकू येतो. तांबट पक्ष्याला त्याचं नाव याच आवाजावरून मिळालं. घडवलेल्या भांड्यावर शेवटी हातोडीचे एकसारखे ठोके ओळीने मारत जातात, ते मठारकाम. त्या शेकडो चपट्या खळग्यांनी भांड्याला झळाळी येते. शिवाय तांबं ठोकून ठोकून टणक होतं, त्यामुळे पातळ पत्राही सहज चेपत नाही. असं भांडं तारेच्या काथ्याने घासणाऱ्याचा हात मी धरला आहे. खळग्यांच्या कडा बोथट झाल्या की झळाळी गेली, ती चिंचेने परत येत नाही. अशा भांड्याला कोळ, मऊ फडकं आणि धीर, एवढंच लागतं.

आता तीच चिंच आतून बघा. भांड्याबाहेर पाच मिनिटं फासलेला कोळ ऑक्साइड विरघळवून मोरीत जातो. भांड्याच्या आत उकळणारी चिंचेची आमटी हेच करते, फक्त ती मोरीत न जाता ताटात येते. मघाशी मी म्हटलं की आम्ल शुद्ध तांब्याला हात लावत नाही. त्यात एक पोटकलम आहे: हवा आणि वेळ मिळाला तर लावतं. हवेतला ऑक्सिजन तांब्याचं ऑक्साइड करत राहतो, आम्ल ते विरघळवत राहतं, आणि हे चक्र थांबत नाही. आच असेल तर आणखी भरभर. पोटात तांबं जास्त गेलं की मळमळ, उलटी, पोटात मुरडा. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमावलीत 6 पेक्षा कमी पीएचचं (पीएच जितका कमी तितकं आंबट) अन्न उघड्या तांब्याला लागू देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो, कोकम, सगळे त्या रेषेखाली येतात. तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरून व्यायामाला निघणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. देवघरातही तेच. पळी-पंचपात्रातलं पाणी ठीक आहे, पण दही घातलेलं पंचामृत तांब्याच्या वाटीत कालवून तासभर ठेवू नये.

साध्या पाण्याची गोष्ट वेगळी. पाण्यात तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम आहे, आणि आपल्या भारतीय मानकात दुसरा पर्याय नसेल तेव्हाची कमाल मर्यादा 1.5 मिलिग्रॅम. स्वच्छ भांड्यात रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्यात उतरणारं तांबं साधारणपणे याच्या बरंच खाली राहतं. इथे ‘स्वच्छ’ शब्दावर जोर आहे. आत हिरवं धरलेल्या हंड्यातलं पाणी पिऊ नये. आणि लखलखीत बाहेर, कळंकलेलं आत, हे चित्र फार घरांत दिसतं, कारण पाहुण्यांना दिसतं ते बाहेरचं. माझ्या मते उलटं हवं. पाण्याचं भांडं आतून आठवड्याला उजळावं. स्वयंपाकाच्या भांड्याचं बाहेरचं अंग तपकिरी राहिलं तर राहू द्यावं. तो ऑक्साइडचा थर खालच्या धातूला एक प्रकारे झाकूनच ठेवतो.

आंबट पदार्थ तांब्यात करायचाच असेल तर उपाय एकच, कल्हई. लहानपणी दुपारच्या वेळी ‘कल्हैऽऽऽ’ अशी आरोळी आली की घरोघरची पातेली, परातीसकट, वाड्याच्या चौकात येऊन पडायची. कल्हईवाले काका मातीत खड्डा करून कोळसे पेटवायचे, भाता चालवायला आम्हा पोरांतलाच एखादा धरायचे. भांडं आधीच आतून रगडून स्वच्छ केलेलं असे. ते तापलं की सांडशीत धरून आत नवसागराची चिमूट. भस्सकन पांढरा धूर, आणि नाकात तो झोंबणारा वास. तापलेल्या भांड्यावर नवसागराचे दोन भाग होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. यातला दुसरा म्हणजे वायुरूपातलं आम्लच. आई चिंच-मिठाने जे पाच मिनिटांत करते ते तो क्षणात करतो. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं, तांबं 1085 ला. त्यामुळे कथील पाण्यासारखं पसरतं आणि भांडं जागचं हलत नाही. कापसाच्या बोळ्याने ते गरगर फिरवलं की काळपट लाल तळ बघता बघता चांदीसारखा. शेवटी पाण्याच्या बादलीत, चर्रर्र.

या 232 आकड्यातच कल्हईचं पथ्य आहे. कल्हई केलेलं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये. फोडणीचं तेल धुरावेपर्यंत तापवू नये. आतून काथ्या, रांगोळी, राख काही लावू नये. कल्हई कालांतराने करडी पडते, ते खराब होणं नव्हे. तळाशी तांब्याचा लाल रंग डोकावू लागला की मात्र पुन्हा कल्हईवाला शोधायचा. ‘शोधायचा’ हे आता शब्दशः खरं आहे.

पितळेबद्दल माझी एक फजिती सांगतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. एका दिवाळीला आळस करून मी समई चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली. म्हटलं, सकाळी आयती उजळलेली मिळेल. सकाळी ती जागोजागी गुलाबी झाली होती, जणू गोवर आलाय. आई म्हणाली, “अरे, पितळेला असं बुडवून ठेवतात होय? लावायचं नि काढायचं.” झालं असं होतं: आम्लाला तांबं झेपत नाही, पण जस्त झेपतं. पृष्ठभागावरचं जस्त आधी निसटलं आणि मागे तांबं उघडं राहिलं. ते चट्टे रांगोळीने तासभर घासून काढले तेव्हा कुठे समई पुन्हा पिवळी झाली. पितळेला दोन-तीन मिनिटं पुरतात.

आणखी एक गंमत घरी मुलांना दाखवण्यासारखी आहे. भांडी उजळून उरलेला हिरवट कोळ टाकून देऊ नका. त्यात एक स्वच्छ लोखंडी खिळा घासून टाका आणि थोड्या वेळाने काढा. बुडालेल्या भागावर तांब्याचा पातळ लालसर मुलामा चढलेला दिसेल. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते स्वतः विरघळतं आणि द्रावणातल्या तांब्याला बाहेर काढतं. घागरीवरचा काळा थर म्हणजे तांबंच होतं याचा याहून सरळ पुरावा नाही. नंतर हे पाणी मोरीत भरपूर पाण्याबरोबर सोडा. तुळशीच्या कुंडीत किंवा माशांच्या टाकीत नको. द्राक्षबागायतदार बुरशी मारायला बोर्डो मिश्रण फवारतात त्यातही तांबंच असतं. मासे आणि शेवाळ यांना ते अजिबात सोसत नाही.

सगळे उपाय करूनही भांडं हलत नसेल तर संशय लाखेवर घ्यावा, म्हणजे पारदर्शक लॅकरवर. शोभेच्या नव्या वस्तूंवर काळं पडू नये म्हणून तो थर देतात. जोवर तो शाबूत आहे तोवर चिंच वरच्यावर सरकते, आणि जिथे टवके उडालेत तिथेच डाग धरतो. नेलपॉलिश रिमूव्हरने बहुधा हा थर निघतो. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडकडे मात्र वळू नका. उजळतं, हे खरं, पण त्याच्या वाफा छातीत जातात. आणि कोणी त्यातच ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. घागरीपायी दवाखाना नको.

उजळून झाल्यावर घागर लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, आपोआप वाळायला सोडायची नाही. प्रत्येक थेंब जिथे सुकतो तिथे त्याच्या आकाराचा तपकिरी ठिपका ठेवून जातो. उचलताना फडक्यानेच उचलायची. घामात मीठ असतं, थोडं आम्लही असतं. आमच्याकडे घट बसायच्या आदल्या संध्याकाळी घागर अशी पुसून पाटावर ठेवलेली असते. सकाळी तिच्या पोटावर चार बोटं आणि एक अंगठा तपकिरी उमटलेला दिसला की आई हाक मारते, “कोणी हात लावला होता रे?” आणि घरातला प्रत्येक जण आपापला पंजा मागे लपवतो.